एकाच सीटची गाडी

इंदू गेली त्या सकाळी मी तिच्यासाठी पेज न्यायला हॉस्पिटलातून घरी आलो होतो. आदल्या संध्याकाळी तिनं थोडी पेज घेतली होती, आणि आता उतार पडेल अशी आम्हाला आशा वाटू लागली होती. तांदूळ धुऊन गॅसवर चढवले आणि डब्याचं झाकण शोधत होतो, तेवढ्यात मुलीचा, वैशालीचा फोन आला. "बाबा, घाई करू नका," ती म्हणाली. "सावकाश या." एवढंच. इतके दिवस जी पोरगी मला लवकर या म्हणून सांगत होती, ती आज सावकाश यायला सांगत होती... मी गॅस बंद केला. पेज अर्धीकच्ची होती. ती तशीच झाकून ठेवली आणि खुर्चीत बसून राहिलो.

त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे इंदूबद्दल चांगलंच बोलतात. कुणाला तिच्या हातचे घावणे आठवतात, कुणाला तिनं शिकवलेलं शिवण. सगळं खरं आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती चोर बाजारात भंगाराच्या ढिगापुढे उकिडवी बसलेली, बोटं वंगणानं काळी झालेली तरुण इंदू. तिला त्या रूपात पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची वर्षं होती ती. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही राहायचो, मी, माझी आई आणि नवी नवरी इंदू. मी परळच्या एका गिरणीत हजेरीच्या कचेरीत कारकून होतो. इंदू गिरगावची. तिच्या वडिलांचं बटणं, हूक, सुया विकायचं छोटंसं दुकान होतं आणि तिचं लहानपण त्या दुकानाच्या फळीवर गेलं होतं. बटण नुसतं चिमटीत धरून ती त्याचं माप सांगायची. आमच्या गिरणीतला विलायती विव्हिंग मास्टर तेव्हा कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याला त्याची जुनी मोटारसायकल विकायची होती. ती साधी गाडी नव्हती. डोंगरातल्या दगडधोंड्यांवरून, ओढ्याच्या पात्रातून, पाय जमिनीला न टेकवता अगदी हळू गाडी न्यायची, अशी एक स्पर्धा ते लोक खेळत. ट्रायल्स म्हणत तिला. त्या खेळासाठी बनवलेली ही गाडी. टाकी लहानशी, सायलेन्सर वर उचललेला, मागच्या टायरला राकट दाते, आणि सीट एकच, सायकलच्या सीटपेक्षा जराशी मोठी. गिरणीच्या फाटकाशी ती उभी असली की मी कामावर जायचं विसरून बघत राहायचो. अखेर मी ती घेतली.

गाडी लालबागला आणली तेव्हा आई खाली उतरून आली. गाडीभोवती एक फेरी मारून तिनं माझ्याकडे पाहिलं. "मेल्या, लगीन झाला मां तुझा? मग हिका खंय बसवतलंस? टाकयेर?" इंदू पदर तोंडाशी धरून हसत होती. म्हणाली, "राहू दे हो आई. मी बाजूनं चालत येईन." आणि ती खरंच चालत यायची. रविवारी सकाळी परळच्या गिरण्यांमागच्या रिकाम्या रस्त्यावर मी पाय न टेकवता हळू चालवायचा सराव करायचो आणि ती शेजारून चालायची. ट्रायल्सची गाडी माणसाच्या चालीनं चालते, त्यामुळे आमच्या गप्पाही व्हायच्या. माझा तोल गेला की ती गप्पा थांबवून शांतपणे सांगायची, "टेकला." आणि पुन्हा बोलायला लागायची.

नंदू झाला तेव्हा गाडी जिन्याखाली स्टँडवर असायची. तो बसायला लागला तसं इंदू त्याला कडेवर घेऊन तिथे न्यायची. मागचं चाक अधांतरी असे. नंदू टायरच्या दात्यांवर तळहात मारून ते फिरवायचा आणि तोंडानं भुर्र करायचा. बोलणं म्हणून त्याला तेवढंच येत होतं. "मोठा झालास की बाबा तुला भुर्र नेतील हं," ती त्याला म्हणायची. पण त्याच सुमाराला गाडी बंद पडली. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो असतो, त्याला फिरवणाऱ्या छोट्या गरारीचे दाते तुटले होते. परदेशी मालावर बंधनं आली होती. लष्करातून निघालेल्या गाड्यांचे पार्ट बाजारात ढिगानं मिळत, पण ही स्पर्धेची गाडी, हिचं सगळंच एक सूत वेगळं. गिरणीतल्या ओळखीच्या टर्नरकडून एक गरारी करून घेतली, तिचे दाते आठवड्यात झिजले. चाळीतल्या तरुणांनी एकदा हँडलला झेंडा बांधून तीच बंद गाडी मोर्चात ढकलत नेली होती. "झालाच पाहिजे" म्हणत गेले आणि घामाघूम होऊन परत आले.

नंदूला घटसर्प झाला. आधी ताप आला, मग घसा बसला. परळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला लगेच आमच्या हातून घेतलं. मी औषधासाठी धावाधाव करत होतो, इंदू त्याच्यापाशी होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. वरळीला समुद्राच्या बाजूला आम्ही चार पुरुष त्याला घेऊन गेलो आणि मातीत ठेवून आलो. बायकांना तिथे नेत नसत. इंदू दारात उभी होती. मी परत आलो तेव्हाही तिथेच उभी होती. तिनं माझे पाय धुवायला पाणी दिलं.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. कामं करायची, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची, पण आपणहून एक शब्द नाही. रडलीही नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिका गावाक धाड रे. हय ती जगाची नाय." इंदू गावाला गेली नाही. मग एका रविवारी मी वर्तमानपत्र वाचत होतो, तर ती फळीवरून ती तुटकी गरारी काढून रुमालात बांधून माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "चला. ह्याचा जोड शोधू."

मला नवल वाटलं, पण ती बोलली होती. मी उठलो. त्यानंतर दर रविवारी आम्ही हिंडत राहिलो. ऑपेरा हाऊसकडची मोटारीच्या पार्टची दुकानं, नळ बाजार, चोर बाजार... भंगाराच्या ढिगापुढे ती बसायची, रुमाल सोडायची आणि एकेक चकती उचलून आपल्या गरारीवर ठेवून बघायची. "बाई, ये कायका है?" दुकानदार विचारायचे. "मोटारसायकलका," ती मान वर न करता सांगायची. पहिल्यांदा लोक हसले, नंतर तिच्यासाठी बसायला स्टूल ठेवू लागले. घरी परतताना ती फक्त पार्टबद्दल बोलायची. हा थोडा जाड होता, त्याचं भोक मोठं होतं. मी ऐकायचो. ती दुसरं काही बोलत नव्हती आणि मला तेवढंही पुरत होतं.

चोर बाजारातच कुणीतरी माहीमच्या पास्कल नावाच्या माणसाचं नाव सांगितलं. पूर्वी लष्करात मेकॅनिक होता, त्याच्याकडे असलं एक इंजिन पडून आहे म्हणाले. माहीमच्या बाजारामागे, खाडीकडे जाणाऱ्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड होती. उंच, पिकल्या मिशांचा म्हातारा. त्यानं गरारी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "हाय माझ्याकडे. पण द्यायची नाय. त्या इंजिनाची गाडी बांधायचीय मला कदीतरी." मी उठायला लागलो, पण इंदू बसूनच राहिली. त्यानं चहा सांगितला. चहा पिताना सहज, बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "पोरंबाळं काय, बाय?"

मी घाईनं नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात इंदू म्हणाली, "एक होता. नंदू नाव त्याचं." आणि मग ती त्या अनोळखी माणसाला सगळं सांगत गेली. टायर कसा फिरवायचा, भुर्र कसं करायचा, घसा कसा बसला. सांगता सांगता ती म्हणाली, "शेवटच्या दुपारी हे औषध आणायला गेले होते. त्याचा आवाज पार गेला होता. पण खाली रस्त्यावरून मोटार गेली ना, तर त्यानं ओठ असे केले... भुर्र करायला. आवाज आला नाही." हे मला ठाऊक नव्हतं. इतके महिने ते तिनं एकटीनं उरात धरलं होतं. कप हातात घेऊन मी जमिनीकडे पाहत राहिलो. पास्कलनं आपला कप खाली ठेवला. थोड्या वेळानं उठून तो आत गेला आणि पान्यांचा आवाज येऊ लागला. गरारी काढून, रॉकेलनं धुऊन त्यानं ती इंदूच्या हातात दिली. "ताठ बसंल," एवढंच म्हणाला. रीतसर व्यवहार करून आम्ही निघालो.

माहीमच्या बसस्टॉपवर इंदू रडली. गरारी मुठीत धरून, भर गर्दीत, मोठ्यानं रडली. लोक बघत होते. मी तिला गप्प केलं नाही. दोन बस आमच्या समोरून निघून गेल्या.

गाडी चालू झाली तेव्हा तो आवाज ऐकून ती जिन्यातून पटकन वर निघून गेली. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तोच वरून तिचा आवाज आला, "चालू ठेवा. बंद करू नका." मागच्या मडगार्डवर मी लोखंडी पट्ट्यांचं कॅरिअर बसवून घेतलं, तिनं त्यासाठी जाड उशी शिवली. पहिल्या दिवशी निघताना विचारलं, कुठे जायचं. म्हणाली, "वरळीला. त्याला ठेवलंत तिथे." तिच्या मांडीवर नंदूचं झबलं होतं. मी म्हटलं, अगं, आधी सांगितलं असतंस तर बसनं नेलं असतं. तेव्हा ती म्हणाली, "बसनं नव्हतं यायचं मला. त्याला ह्या गाडीवरून न्यायचं राहिलं होतं." इतके रविवार ती काय शोधत होती ते मला त्या क्षणी कळलं. लालबागपासून वरळीपर्यंत मी गाडी चालीच्या वेगानं नेली. समुद्राला ओहोटी होती. जागेवर काही खूण उरली नव्हती, मी अंदाजानं दाखवली. ती तिथे वाळूत बसली, झबल्याची घडी मोडून पुन्हा घातली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "वारा छान आहे इथे."

त्यानंतर हळूहळू ती माणसांत आली. महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी दिव्यांची रोषणाई बघत आम्ही गिरगावपर्यंत गेलो होतो, तेव्हा वैशाली तिच्या पोटात होती. पुढे कॉटन ग्रीनच्या एका माणसाला त्याच्या गाडीसाठी पार्ट हवे होते, त्यानं ती गाडी नेली. इंदूच म्हणाली, देऊन टाका, त्याला तरी शोधत फिरायला नको.

गेल्या आठवड्यात बँकेच्या कामाला दादरला गेलो होतो, पहिल्यांदाच एकटा. रस्ता ओलांडताना इंदू कधी माझा हात धरत नसे, म्हातारपणीही तिला ते लाजिरवाणं वाटे. मागून माझ्या शर्टाचं टोक दोन बोटांत धरायची आणि निघायचं झालं की हलकेच ओढायची. त्याशिवाय मी पाऊल टाकत नसे. कबुतरखान्यापाशी सिग्नल पडला, माणसं पलीकडे गेली. मी उभाच होतो. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "काका, येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "बायको आहे मागे."

त्या गेल्या. सिग्नल बदलला, गाड्या सुटल्या. मी मागे वळून न बघता तिथेच उभा राहिलो...