गिरिजाबाईंचं विरजण

गिरगावातल्या दोन खोल्या सोडून गिरिजाबाई भाईंदर पश्चिमेला राहायला आल्या, त्याला सात वर्षं झाली होती. एवढ्या काळात बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव झालं ते दह्यासाठी. खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीणसुद्धा विरजणासाठी वाटी पुढे करायची, "काकी, जरा मेळवण आपजो ने." सुरीनं कापावं असं दही लागायचं त्यांच्या विरजणानं.

शहाण्णव साली त्यांच्या यजमानांचं, हरिश्चंद्ररावांचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनची जखम चिघळली म्हणून महिनाभर भारी अँटिबायोटिक्स चालली. हाड जुळलं, पण पोट गेलं. दिवसाला बारा-बारा जुलाब. औषध दिलं की आठ दिवस बरं, थांबवलं की पुन्हा तेच. असं तीनदा झालं. बासष्ट किलोचा माणूस त्रेचाळीसवर आला.

नर्सिंग होमच्या डॉक्टर सुचेता तरुण होत्या, पण गोडगोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी गिरिजाबाईंना आणि मुलाला, नीरजला, समोर बसवलं.

"काकू, त्या औषधांनी काकांच्या आतड्यातले चांगले जंतूही मारले. मोकळ्या जागेत एक वाईट जात माजलीय. बाहेरदेशी काही डॉक्टरांनी निरोगी माणसाची शी, एनिमासारखी, आजाऱ्याच्या आतड्यात सोडून बघितलीय. माणसं बरी झालीत. मी स्वतः कधी केलेलं नाही, हे आधीच सांगते."

नीरजनं मान खाली घातली. गिरिजाबाई मात्र क्षणभर विचार करून म्हणाल्या, "म्हणजे विरजण लावायचं."

"अगदी तेच. देणारं माणूस धडधाकट हवं, आणि तीन महिन्यांत असलं औषध घेतलेलं नको. तुम्ही चालाल."

"काहीतरीच काय!" गिरिजाबाईंनी पदर सावरला. "यांच्या आधी मी कधी घास तोंडात घातला नाही. यांच्याच ताटात जेवते. आणि माझी घाण यांच्या पोटात? पाप लागेल. नीरज देईल. मुलगा आहे."

नीरज कानापर्यंत लाल झाला, पण हो म्हणाला. डॉक्टरांनी तरीही दोघांच्याही तपासण्या करून घेतल्या, हाताशी असाव्यात म्हणून. दोघांच्याही चांगल्या आल्या. हरिश्चंद्ररावांनी सही केली. शुक्रवार ठरला.

बुधवारी दुपारी गिरिजाबाई वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या मोरीत सुगंधाबाई भांडी घासत होत्या. मूळच्या परभणीकडच्या, बावीस वर्षं आयाचं काम करत आलेल्या.

"नीरजची तयारी चाललीय," गिरिजाबाई आपण होऊन म्हणाल्या. "सोमवारपासून कॅप्सूल देतेय त्याला. यांच्याच उरल्या होत्या. म्हटलं, यांच्या पोटात जायचं, तर जंतू मरून साफ होऊन जाऊ दे."

सुगंधाबाईंचा हात थांबला. "डॉक्टरीणबाईंना विचारलं?"

"यात काय विचारायचं?"

"काकू, तुमच्या दह्याचं एवढं ऐकते मी. विरजण उकळून लावता का कधी?"

आपण काय करून बसलो ते गिरिजाबाईंना एकदम दिसलं. त्या उठल्या आणि केबिनमध्ये जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "नीरज आता तीन महिने बाद. आणि काकांकडे तीन महिने नाहीत."

गिरिजाबाई पुन्हा बाकावर येऊन बसल्या.

"मी दिलं असतं," सुगंधाबाई आतूनच म्हणाल्या. "पण तुम्हाला तुमचंच चालत नाही, तर माझं कुठं चालायचं?"

हे नुसतं शीपुरतं बोललेलं नाही, हे गिरिजाबाईंना कळलं. थोड्या वेळानं त्या हरिश्चंद्ररावांच्या कॉटपाशी गेल्या आणि भिंतीकडे बघत सांगून टाकलं, की चूक माझी, नीरजचं चालणार नाही, आता राहिले मी.

हरिश्चंद्ररावांनी उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

"अडतीस वर्षं माझं उष्टं खाल्लंस," ते म्हणाले. "आता माझी पाळी म्हणायची. आणि नीरजच्या पोटात कॅन्टीनची मिसळ असते, त्यापेक्षा तुझं बरं."

"जीभ तेवढी धड आहे," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांना हसू आलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी डॉक्टरांना हवं ते दिलं, आणि घरचा जुना मिक्सरही. तो घरी परत न्यायचा नव्हता. डॉक्टरांनी सलाईनमध्ये घोटून, गाळून घेतलं. सुगंधाबाईंनी हरिश्चंद्ररावांना डाव्या कुशीवर धरून ठेवलं. अर्ध्या तासाचं काम. गिरिजाबाई तेवढा वेळ दाराबाहेर उभ्याच होत्या.

त्या दिवशी सात वेळा झालं. शनिवारी चार. रविवारी दोन. सोमवारी सकाळी सुगंधाबाई झाकलेलं भांडं घेऊन आल्या.

"बघता का?"

गिरिजाबाईंनी वाकून पाहिलं. नाकाला पदर लावायचं सुचलंही नाही त्यांना.

"बांधून झालीय," त्या हळूच म्हणाल्या.

"कालच्यापेक्षा कितीतरी घट्ट."

डॉक्टर आल्या, त्यांनीही पाहिलं, पण घाई केली नाही. "दोन महिने परत उलटलं नाही, तर बरे झाले म्हणेन. आज नाही म्हणणार."

"नका म्हणू," गिरिजाबाई म्हणाल्या. "आज जेवायला काय देऊ तेवढं सांगा."

"मऊ भात. थोडाच."

"तूप?" आतून हरिश्चंद्ररावांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर आणि गिरिजाबाई दोघी एकदमच म्हणाल्या, आणि गिरिजाबाई भात टाकायला घरी निघाल्या.