उजव्या पायाची वायर

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतकं वजाबाकीवर प्रेम करणारा माणूस सबंध खानदेशात दुसरा नसेल. जळगावच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी उभी हयात मोजमापाची यंत्रं शिकवली आणि निवृत्त झाल्यावर मेहरूणला घर बांधून राहिले. शिकवणं मात्र निवृत्त झालं नाही. त्यांचा जीव जडला होता तो इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर नावाच्या नखाएवढ्या वस्तूवर. कुणी देवाचं नाव घ्यावं तसं ते हे नाव घेतात. पूर्ण, सावकाश, मधला एकही काना न गिळता.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा नोकरी कशी चाललीय, घर कुठे घेणार, असलं काहीही त्यांनी विचारलं नाही. ताटात मठ्ठ्याचे दोन पेले होते, एक भरलेला आणि एक थोडा कमी. त्यांनी माझं अख्खं ताट उचलून डोक्याइतकं वर धरलं. "जावईबापू, दोन्ही पेले वर गेले की नाही?" म्हटलं, गेले. "पण त्यांच्यातला फरक बदलला का?" म्हटलं, नाही. "बस्स! वजनकाट्यातून, तापमापकातून येणारा सिग्नल म्हणजे हा एवढासा फरक. आणि आजूबाजूच्या मोटारी, विजेच्या तारा त्या सिग्नलच्या दोन्ही वायरींना एकदमच उचलून धरतात, मी हे ताट उचललं तसं. आपला गडी एका वायरीतून दुसरी वजा करतो. उचलणं दोन्हीकडे सारखं, म्हणून ते उडून जातं. उरतो फरक, तो मोठा करायचा!" हे 'मोठा' म्हणताना त्यांचा हात हलला आणि दोन्ही पेले माझ्या नव्या शर्टावर आले. मामींनी टॉवेल आणून दिला. मामा म्हणाले, "बघा, आता फरक शून्य."

त्या अ‍ॅम्प्लिफायरची आकृती ते कशावरही काढत. तीन त्रिकोण: पुढे दोन, मागे एक. मोटारीच्या काचेवरच्या धुळीत काढत, पोळपाटावरच्या पिठात काढत. एकदा तर पारोळ्याला एका बारशात पाळण्याखालच्या रांगोळीत त्यांनी ते तीन त्रिकोण घुसवले आणि बायकांना ती काहीतरी शुभ खूण वाटून त्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. "पुढचे दोघं नुसतं ऐकतात," ते समजावत. "बोलणाऱ्याकडून काही ओढून घेत नाहीत. नाजूक सिग्नलमधून जरा जरी ओढून घेतलं, तर तो तिथंच मान टाकतो. मागचा वजाबाकी करतो."

नातलगांची भांडणंही ते याच रीतीनं सोडवत. माझं आणि बायकोचं एकदा जोराचं वाजलं. मामांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि दोघांचंही मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उन्हाळा कडक आहे, पोरं ऐकत नाहीत, दोघंही दमता. हे दोन्हीकडे सारखं आलं, ते उडवा. उरलं एवढंच, की तिला आखाजीच्या सणाला माहेरी जायचंय आणि तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही." मी हो म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात मामा-मामी एका साखरपुड्यासाठी आमच्याकडे धुळ्याला आले होते. सकाळी चहा पिताना मामांनी कप खाली ठेवला आणि छाती चोळू लागले. घाम फुटला होता. मामा एरवी प्रमाण मराठी बोलतात, पण घाबरले की पारोळ्याकडचं बोलू लागतात. "माले काही व्हयेल नही," ते म्हणाले, "बठ्ठं बराबर शे." सगळं ठीक असल्याचं त्या बोलीत ऐकूनच मी गाडी काढली.

कोपऱ्यावरच्या छोट्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताबडतोब ईसीजी लावला. कागद बाहेर आला, पण त्यावरची रेघ झाडूच्या काड्यांसारखी जाड आणि थरथरणारी. त्यातून काही कळेना. पुन्हा काढला, पुन्हा तेच.

"मशीन जुनं झालंय," सिस्टर म्हणाल्या.

पलंगावरून आवाज आला, "मशीनला नाव ठेवू नका. त्याच्या पोटात कोण बसलाय माहीत आहे का?"

"अहो, गप पडा आते!" मामी ओरडल्या.

पण मामा आडवे पडल्या पडल्या वर्गात शिरले होते. "बेटा, ही थरथर विजेची आहे. माझं सगळं अंगच विजेच्या तारांनी उचलून धरलंय. दोन हातांच्या वायरींमधली वजाबाकी ते उडवते, पण अंग फारच वर गेलं तर तिलाही झेपत नाही. म्हणून तर उजव्या पायाला वायर असते. ती काही मोजत नाही. अंगावरचं ते उचलणं उलटं करून अंगालाच परत देते, म्हणजे अंग खाली बसतं. तिची पकड बघा."

सिस्टरनी पाहिलं. सकाळी अंघोळीनंतर मामांनी पायाला खोबरेल तेल चोळलं होतं, आणि उजव्या पायाचा चिमटा घसरून घोट्यावर लोंबत होता. त्यांनी पाय पुसला, जेल लावलं, चिमटा घट्ट बसवला. मामांनी कूलर बंद करायला लावला, वायरी एकत्र धरायला सांगितल्या. मग म्हणाले, "आता काढा."

रेघ आली. केसासारखी बारीक, स्वच्छ. मामांचा चेहरा उजळला. "वा! काय सुंदर सिग्नल आहे!"

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या स्वच्छ रेघेत एक भाग जिथे खाली यायला हवा तिथे वरच राहिला होता. त्यांनी तोंडात गोळ्या चावायला दिल्या, मोठ्या इस्पितळाला फोन लावला आणि हळूच म्हणाल्या, "काका, अटॅक आहे. पण वेळेत कळलंय."

मामांनी कागद मागितला. त्या वर राहिलेल्या भागावर बोट टेकवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग मामींचा हात शोधून धरला.

मोठ्या इस्पितळात लगेच तार घालून हृदयाची तुंबलेली नळी मोकळी केली. मामा बरे झाले. आता मेहरूणच्या तलावाकाठी सावकाश फिरतात, शेवभाजीकडे लांबून बघतात. आवाज थोडा बारीक झालाय.

मागच्या आठवड्यात बायकोसह गेलो तेव्हा मामा-मामी ओट्यावर बसले होते. इतकी वर्षं त्रिकोण निघाले की मामी काहीतरी निमित्त काढून आत जात. आता त्या निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून विचारत होत्या, "मग त्या पुढच्या दोघांचं काय म्हणत होता तुम्ही?" मामा रंगून सांगत होते. आम्ही निघताना दाराशी बायको म्हणाली, "मामी, कळतं का गं तुला?"

"नाही गं," मामी म्हणाल्या. "उद्या पुन्हा विचारीन."