इजा : निल

"मावशी, तुम्हीच चढा आत. तुमच्या लोकांना सवय असते."

दुबईत, कराम्यातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे, सकाळी साडेनऊला हे ऐकलं मी. बोलणारे आमचे मॅनेजर साहेब. मराठीच, पुण्याकडचे. नाकावर इस्त्रीचा रुमाल, त्याला ऊदाचा वास. आणि समोर व्हॅनचं मागचं दार उघडं.

आत काय होतं ते सांगते. तुम्हाला किळस येईल. येऊ दे, मलाही आली होती.

आमची लॅब रक्त, लघवी, थुंकी तपासणारी. कराम्यात नुसते नमुने घ्यायचे. तपासणी तिकडे उम्म अल कुवैनला, इंडस्ट्रियल एरियात मोठी लॅब आहे तिथे. दिवसातून दोनदा व्हॅन जायची. मी तिथे साफसफाईला आणि चहाला, माणसं पुरवणाऱ्या सप्लाय कंपनीच्या व्हिसावर. त्या दिवशी नमुन्यांची पेटी पट्ट्याने बांधलीच नाही कुणी. प्रत्येक डबी आणखी एका घट्ट झाकणाच्या डब्यात घालायची असते, घाईत तेही राहिलं. शाकिर, आमचा ड्रायव्हर, गाडी चढावर घेतो न घेतो तोच मागे धाडकन आवाज. पेटी उलटी.

थुंकीच्या डब्या फुटलेल्या. छातीच्या आजाराची माणसं खोकून खोकून देतात ती थुंकी. पिवळी, तार धरणारी, रबरी मॅटवर पसरलेली. तिच्यात शौचाचे नमुने कालवलेले. वर रक्त, आणि काचपट्ट्यांचा चुरा. ऑगस्ट महिना, तळघरात हवा म्हणून नाही. तो वास नाकात नाही, जिभेवर बसतो बघा. गिळला की पोटात जातो.

शाकिर पेशावरकडचा, सहा फुटी गडी. त्याने आधी दार लावून घेतलं होतं. मला म्हणाला, "अम्मा, हाथ मत लगाना. आधा घंटा कोई अंदर नहीं जाएगा."

बरोबर होतं त्याचं. नियमच तो. हवेत उडालेलं खाली बसेपर्यंत अर्धा तास लांब राहायचं. मग मास्क, झगा, दोन हातमोजे. सांडलेल्यावर शोषणारे कपडे टाकायचे, क्लोरीनचं पाणी कडेकडेनं ओतत मध्यावर आणायचं, परत थांबायचं. काच चिमट्याने उचलायची. सगळं धोक्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. मला पाठ आहे. ट्रेनिंग झालं तेव्हा खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, माझी नव्हती. मी तीनदा चहाचा ट्रे घेऊन गेले आणि तीनही वेळा दाराशी रेंगाळले. शिवाय तो कागद स्टोअरच्या भिंतीवर लावलेला, माझ्या पोछ्यांच्या वरच.

आणि हे सगळं सामान भरलेली पेटी लिफ्टजवळ टांगलेली होती. स्पिल किट म्हणतात. तिला लाल प्लास्टिकचं सील, सीलवर नंबर. पण अकरा वाजता, लॅब नियमाने चालते का ते बघणाऱ्या, तपासणीच्या बाई यायच्या होत्या. सील शाबूत आहे का, नंबर जुळतो का, ते बघणार. म्हणून साहेब म्हणाले, "किट उघडायचं नाही. आज तर मुळीच नाही." म्हणजे सांडल्यावर उघडायची पेटी, सांडलं म्हणून उघडायची नाही.

शाकिरला त्यांनी वर पिटाळलं. "यल्ला, यल्ला, चल लवकर, बाकीच्या पेट्या दुसऱ्या गाडीत टाक." पण जाण्याआधी त्याने एक काम केलं होतं. नमुन्यांच्या पेटीच्या झाकणावर फोन नंबर असतो, त्यावर उम्म अल कुवैनला फोन लावून सांडल्याचं कळवून टाकलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग व्हॅनचं दार उघडायला लावलं, आणि ते वाक्य. तुमच्या लोकांना सवय असते.

त्यांना माझं आडनाव माहीत होतं. गणपतीत दुबई मरीनाला त्यांच्या घरी मला भांड्यांना बोलावलं होतं. तेव्हा गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाले. माझं पान ओट्यावर वाढलं. बाकी सगळे बाहेर, पाण्याकडे तोंड करून जेवले.

मी चढले का आत? चढले. खोटं कशाला लिहू. पायच चढले माझे. आमच्या खेड तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात माझी आई झाडूवाली होती. बाळंतपण झालं की टेबल, फरशी, सगळं ती नुसत्या हातांनी काढायची, आणि नर्सबाई लांबून वरून पाणी ओतायची. मग तिला चहा मिळायचा, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. मी तिच्यामागे उभी असायची. ते पाय माझ्यात होते.

पँट्रीतले भांडी घासायचे मोजे घातले. तोंडाला ओढणी. गुडघ्यावर बसले आणि ओढत ओढत काढलं सगळं, बादलीत पिळलं. एकदा ओकारी आली, ती परत गिळली, कारण तीही मलाच पुसावी लागली असती. साहेब पंधरा फुटांवर. "त्या कोपऱ्यात राहिलंय बघा."

त्याच कोपऱ्यात काच होती. मोज्यातून मधल्या बोटात गेली.

"साहेब, काच लागली. रक्त आलंय."

ते दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "बँडेड लावा. आणि मावशी, आज चहा नको हं तुमच्या हातचा. खालच्या कॅफेटेरियातून मागवतो."

वर गेले. नळाखाली बोट धरलं, साबण लावला, पाणी सोडून दिलं. तेही त्या कागदावर होतं. हात पुसून वळले तर पँट्रीत माझा कप नाही. निळ्या काठाचा, गावाहून आणलेला. शोधला. पिवळ्या पिशवीत होता, गाठ मारून. त्या थुंकीला पिवळी पिशवी मिळाली नव्हती. माझ्या कपाला मिळाली.

एवढ्यात साहेबांनी टेबलाशी बोलावलं. उम्म अल कुवैनहून फोनवर फोन येत होते, सांडल्याचा फॉर्म पाठवा म्हणून. तो भरून तयार होता.

"इथे सही. अंगठा पण चालेल."

मराठी चौथी शिकलेय मी. इंग्रजी कुणी शिकवली नाही. रद्दीतल्या रिपोर्टांवरून अक्षरं लावत लावत शिकले, दुपारच्या सुट्टीत, लोक झोपतात तेव्हा. सगळं नाही कळत. पण रिपोर्टात असतं ते कळतं. फॉर्मवर बोट फिरवत गेले. किट वापरलं का, येस. साफ करणारा ट्रेनिंग घेतलेला का, येस. आणि त्याखाली, इजा : निल.

निल मला ओळखीचा. लघवीच्या रिपोर्टात ओळीने असतो. साखर निल, पू निल. म्हणजे नाही. काही नाही.

मी बोटाकडे पाहिलं. बँडेड लाल झालं होतं. आणि मला एकदम लख्ख दिसलं बघा. चहापुरतं माझं रक्त धोक्याचं होतं. कपापुरतं धोक्याचं होतं. फॉर्मवर मात्र निल. कागदावर इजा नाही म्हणजे डॉक्टर नाही, तपासणी नाही, आजार लागू नये म्हणून वेळेत घ्यायच्या गोळ्या नाहीत. उद्या काही झालंच, तर ही बाई आजार गावाहून घेऊन आली म्हणायला मोकळे.

"साहेब, इथे निल लिहिलंय."

ते हसले. "ते तुम्हाला नाही कळायचं. फॉर्मॅलिटी असते."

"माझं बोट कापलंय."

मग त्यांनी आवाज मऊ केला. "मावशी, पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू व्हायचाय ना तुमचा?"

अहो, थुंकीची किळस साबणाने जाते. ती कुणातरी आजारी माणसाची, त्याचा काय दोष? पण त्या मऊ आवाजाची किळस मला आजही येते. पाठीवर शेंबूड ओघळावा तशी.

मी पेन ठेवलं. फॉर्म उचलला. साहेब "मावशी, अहो मावशी" करत उठले, तोवर मी लिफ्टजवळ होते. तपासणीच्या बाई तिथेच होत्या. अंगात काळा पायघोळ अबाया, चष्मा, किटसमोर वाकून सीलचा नंबर कागदाशी जुळवत होत्या. उम्म अल कुवैनला सांगायचं किट वापरलं, आणि या बाईंना दाखवायचं किट शाबूत. दोन तोंडं. मी फक्त ती दोन्ही एका जागी आणली.

माझं इंग्रजी काय असणार. म्हटलं, "मॅडम. पेपर, येस. बॉक्स, नो ओपन. माय फिंगर."

बाईंनी फॉर्म वाचला. सील पाहिलं. माझा हात मागितला, स्वतः मोजा घालून धरला, बँडेड उचलून पाहिलं. किती वाजता लागलं विचारलं. मग साहेबांकडे वळल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "शी गोज टु हॉस्पिटल. नाऊ."

शाकिरने नेलं मला. उतरताना म्हणाला, "अम्मा, आपने मेरी शरम भी धो दी." मी म्हटलं, तुझी तू धू बाबा. गेलास ना वर.

गोड शेवट शोधत असाल तर नाही तो. महिनाभर गोळ्या घेतल्या, रोज मळमळ. रक्त तपासून झालंय दोनदा, अजून एकदा राहिलंय. साहेबांना ताकीद मिळाली म्हणे. खुर्ची तीच. मला सप्लाय कंपनीने कराम्यातून उचललं आणि इकडे उम्म अल कुवैनला दुसऱ्या एका लॅबमध्ये झाडायला टाकलं. निघायच्या दिवशी साहेब म्हणाले, "मावशी, परक्या माणसापुढे आपल्या माणसाची लाज काढलीत."

म्हटलं, "आपला माणूस होता का तिथे? मला नुसता रुमाल दिसला."

आता आमच्या खोलीत सहा बायका आहोत. एक नेपाळची, दोघी तेलुगू, बाकी आपल्या. झाडूवाल्याच सगळ्या. त्यांना मी रोज तीन शब्द लिहायला लावते. येस, नो, निल. सही करायच्या आधी निल शोधायचा, म्हणते. सापडला की पेन खाली.

इथेही लिफ्टजवळ एक पेटी टांगलेली आहे, लाल सीलची. मी आल्या दिवशीच बघून ठेवली. पुन्हा सांडणार, सांडतंच. सांडलं की दार लावीन. अर्धा तास उभी राहीन, कुणीही यल्ला म्हणो. सील माझ्या हाताने तोडीन. अंगावर झगा आणि हातात मोजे चढल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही, व्हिसा राहो की जावो. आणि कुणी रुमालाआडून म्हणालंच, तुमच्या लोकांना सवय असते, तर किटमधला चिमटा त्याच्यापुढे धरीन.

"घ्या साहेब," म्हणेन. "सवय होते."