डावी बाजू

सहा मे. माळा साफ करताना जुना वॉकमन सापडला. नव्वदच्या सुमारास पनवेलच्या दुकानात तो पारखून घेताना मी तीन सेट परत केले होते. "डावीकडून आवाजच येत नाही." दुकानदार वैतागला, "ताई, हेडफोन उलटा घालून बघा." उलटा घातला, तरी तबला उजव्याच कानात खणखणीत. सेट चांगला होता. आठवड्यापूर्वी पहिल्या हाकेला ओ दिली नाही म्हणून नवऱ्याने केस धरून त्याच डाव्या कानाखाली वाजवली होती. उशी रक्ताने भरली. वॉकमन त्याचीच भरपाई. दुकानात माझ्या शेजारी उभा राहून तो हसला, "हिला ऐकायची सवयच नाही हो!" फोन मी आजही उजव्याच कानाला लावते. वॉकमन घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी डॉक्टरांकडून पडदा फाटल्याचं लिहून घेतलं आणि थेट पोलीस चौकी गाठली.