मागच्या वर्षीची वाचनं

माझ्या बायकोने जेवढी वर्षं रोज सकाळी शास्त्रवाचन केलं, तेवढीच वर्षं मी पेपर वाचला. वटार गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर सहा वाजता दोन खुर्च्या असायच्या, मध्ये चहा. ती बायबल उघडायची, मी पेपर. "तू देवाचं वाच, मी देशाचं वाचतो," असं मी म्हणायचो आणि माझ्या विनोदावर मीच हसायचो. धर्म मी रविवारी पाळत होतो. मिस्सा कधी चुकवली नाही, तेर्सला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, मोठ्याने उत्तरं दिली, चर्चच्या सणाला वाडीतल्या केळीचे लोंगर पाठवले. रोजचं वाचन हे बायकांचं काम, असं माझं मत होतं आणि माझी मतं बदलत नाहीत अशी माझी ख्याती होती. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं की उत्तर आपल्याच खिशात आहे असं वाटायला लागतं.

या ख्यातीपायी माझी मुलगी माझ्यापासून तुटली. एकुलती एक. तिने विरारच्या फुलपाड्यातल्या एका मुलाशी रजिस्टर लग्न ठरवलं. मूळचे कोकणातले हिंदू, आईवडील दोघंही नोकरी करून निवृत्त झालेले, साधी माणसं. मुलगा वाईट नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि म्हणूनच राग जास्त आला. लग्नाच्या आधीच्या रविवारी घरात भावकी जमली होती. मी सगळ्यांदेखत अंगणातल्या क्रुसावर हात ठेवला आणि म्हणालो, "तिच्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही."

आमच्याकडे क्रुसावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. माझ्या आजोबांनी अशाच एका शब्दासाठी सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलणं टाकलं होतं आणि घरात ती गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. बायको खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातली. तिने एवढंच विचारलं, "पानी कशाला मधे आनलंत? त्यानं काय केलंय तुमचं?" मी तिला नेहमीप्रमाणे 'पाणी' म्हण, असं सुनावलं. विषय संपला असं मला वाटलं.

ते लग्न मे महिन्यात झालं. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर बायको गेली. मुलगी नवऱ्याला घेऊन आली होती. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, कबरीत माती टाकली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी फुलांकडे बघत राहिलो. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. शब्दाला जागलो याचं मला त्या दिवशीसुद्धा समाधान वाटलं होतं. आज हे खोडून टाकावंसं वाटतं, पण वाटलं होतं हे खरं.

बायबल सहा-सात महिने तिच्या रुमालाखाली तसंच पडून होतं. जुलैत घरात दमटपणा आला, पानांना वास यायला लागला, म्हणून मी ते पंख्याखाली ठेवायला उचललं. त्यातून एक शाळकरी वही पडली. वहीत तिच्या अक्षरात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर शास्त्रातला अध्याय आणि ओव्या लिहिलेल्या. वर काही नाही, वर्ष नाही, वार नाही. चर्चमधून मिळणाऱ्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं तिला दिसत नसत, म्हणून ती वर्षाची सगळी वाचनं मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायची हे मला माहीत होतं. त्या दिवशीची तारीख काढली आणि उभ्या उभ्या वाचलं. दुसऱ्या दिवशी बसून वाचलं.

भक्ती म्हणावी तर ती नव्हती. सकाळी सहाला समोरची खुर्ची रिकामी असायची आणि पेपर अर्ध्या तासात संपायचा. तिने ज्या ओळींवरून बोट फिरवलं त्याच ओळींवरून आपलं बोट फिरतंय, एवढं बरं वाटायचं. कधी एखादं वाक्य दिवसभर डोक्यात राहायचं. वाडीत केळीची सुकलेली पानं काढताना ते आठवायचं आणि पोटात काहीतरी गेल्यासारखं वाटायचं. बऱ्याचदा काहीच व्हायचं नाही. सोमवारी वहीत नोंदच नसायची. मी म्हटलं, केशकर्तनालयासारखी देवाचीही सोमवारी सुट्टी असेल. यात काही चुकतंय हे गणिताच्या मास्तरला कळायला हवं होतं. नाही कळलं.

एकवीस ऑगस्टला एका सेनापतीची गोष्ट आली. तो देवाला नवस बोलतो की लढाई जिंकलो तर परत आल्यावर माझ्या दारातून जो कोणी आधी बाहेर येईल त्याचा मी होमबली अर्पण करीन. जिंकून येतो. दारातून डफ वाजवत, नाचत त्याची मुलगी बाहेर येते. एकुलती एक. तो कपडे फाडतो आणि तिलाच म्हणतो की तू मला संकटात टाकलंस. आणि शब्द पाळतो.

मी दोनदा वाचलं. चहा निवला. देवाने त्याला शाबासकी दिली की धिक्कारलं, हे मी शोधत होतो. तिथे काहीच लिहिलेलं नाही. मुलगी जाते आणि गोष्ट संपते. मला भयंकर राग आला आणि तो कुणाचा आला ते कळेना. त्या बापाचा आला, देवाचा आला, ही गोष्ट शास्त्रात ठेवणाऱ्यांचा आला. दिवसभर मी वाडीत कामगारांवर खेकसत होतो. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात एक परक्या जातीची विधवा सून होती. सासू तिला माहेरी जा म्हणते आणि ती म्हणते की आता तुमचा देव तोच माझा देव. पुस्तक मिटलं, राजेळी केळ्यांची एक फणी पिशवीत घातली आणि बस पकडून विरारला गेलो. पुलावरून पूर्वेला उतरलो, रिक्षावाल्याला फुलपाडा सांगितलं. पत्ता मला पाठ होता. लग्नपत्रिका मी फाडली होती, पण आधी वाचली होती.

दार विहीणबाईंनी उघडलं. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. "या सर," त्या म्हणाल्या आणि आत बघून मोठ्याने म्हणाल्या, "अगं, बघ तरी कोण आलंय." मग रीतीप्रमाणे पाण्याचा ग्लास माझ्यासमोर आला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ग्लासाकडे बघत. मी तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. ती रडायला लागली, मीही लागलो आणि विहीणबाई उगाचच केळ्यांचं कौतुक करत राहिल्या. इतका सुखी मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. त्यानंतर दर शनिवारी जायला लागलो.

ऑक्टोबरात आमच्या आळीतल्या प्रार्थनासमूहाची बैठक माझ्या घरी होती. सात-आठ घरची माणसं. समूह चालवणारी बाई माझीच जुनी विद्यार्थिनी, मोबाइलवर वाचनं काढणारी. शास्त्राने आपल्याला काय दिलं ते प्रत्येकाने सांगायचं होतं. मी, ज्याने जन्मात अशा बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, सगळी हकिगत सांगितली. एकवीस ऑगस्टचं वाचन, सेनापती, ग्लास. दोन बायकांनी डोळे पुसले. मग माझी विद्यार्थिनी अडखळत म्हणाली, "सर, पण या वर्षी एकवीस ऑगस्टला ते वाचन नव्हतं."

"होतं. वहीत आहे."

तिने वही हातात घेतली, मोबाइल घेतला, दोन्ही शेजारी धरलं. "सर, ही मागच्या वर्षीची वही आहे. आठवड्याच्या दिवसांचं पहिलं वाचन एका वर्षी एक असतं, दुसऱ्या वर्षी दुसरं. तारखाही सरकतात. हे बघा, वहीत सोमवार रिकामे आहेत ना? मागच्या वर्षी ते रविवार होते. रविवारची वाचनं चर्चमध्ये ऐकायला मिळतात, म्हणून काकींनी लिहिली नसतील."

सगळे हसले, प्रेमानेच हसले. मीही हसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं काहीतरी बोललो. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरं वाचन काढून वाचलं. एकवीस ऑगस्टला अख्ख्या चर्चने खोऱ्यातल्या सुक्या हाडांची गोष्ट ऐकली होती. हाडं हाडांना जोडली जातात, त्यांच्यावर मांस चढतं. चांगलं आहे. पण मला ती हाडं काहीही बोलली नाहीत. मी योग्य पान उघडलं असतं तर चहा पिऊन वाडीत गेलो असतो आणि मुलीच्या दारात आजही पाऊल टाकलं नसतं. मग मला तिकडे पाठवलं कोणी? देवाने, की एका चुकीच्या वहीने?

फादरांकडे गेलो. ते तरुण आहेत, हसरे आहेत. "सर, पान चुकलं, पुस्तक तर तेच ना?" असं म्हणाले. मी म्हटलं, "फादर, रीत चुकली आणि उत्तर बरोबर आलं, तर मी अर्धे गुण कापायचो." ते आणखी हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात भलताच भुंगा शिरला होता. क्रुसावर हात ठेवून दिलेला शब्द मी मोडला, कारण देवाने मोकळं केलं असं मला वाटलं. आणि देव तर त्या दिवशी दुसरंच बोलत होता. म्हणजे मला कोणी मोकळं केलंच नव्हतं. शब्द होता तसाच होता.

हे वाचणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. मलाही वाटत होतं. तरी त्या शनिवारी मी फुलपाड्याला गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हणून कळवलं. पुढच्या शनिवारीही नाही. वाचनही बंद केलं. नवं वाचन लावावं तर त्यात बायको नव्हती, जुनं लावावं तर ते खोटं वाटत होतं. सकाळी सहाला मी वही आणि बायबल समोर ठेवून दोन्हीपैकी काहीही न उघडता बसायचो. मुलगी पुन्हा जाणार हे दिसत होतं. आणि ती जाऊ नये यासाठी काय करायचं हे मला कळत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी तीच आली, एकटी, स्कूटर घेऊन, सकाळी सातला. आईच्या खुर्चीत बसली. "गुडघा कुठला दुखतोय, पप्पा?"

मी तिला सगळं सांगितलं. वही, सोमवार, हाडं, शब्द. मला वाटलं ती चिडेल. तिने वही ओढून घेतली, ऑगस्टचं पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"एकवीस ऑगस्ट," ती म्हणाली. "मागच्या वर्षी. मम्मीचा मला सकाळी फोन आला होता, मी ऑफिसला निघत होते. तिने ही गोष्ट मला फोनवर वाचून दाखवली. पूर्ण. मी म्हटलं, मम्मी, लेट होतंय मला. तर म्हणाली, थांब, ऐक. आज देव तुझ्या पप्पांशीच बोललाय. आता जाऊन त्यांना वाचायला देते."

मी मिटलेलं बायबल जवळ ओढलं.

"मी दिवसभर वाट बघितली. वाटलं तुम्ही फोन कराल. रात्री मीच तिला विचारलं, तर म्हणाली, राहू दे, आज नाही जमलं." ती माझ्याकडे वळली. "पप्पा, तिने दिलं होतं का तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. ती सकाळ तिसऱ्या कुणीच बघितली नव्हती. खरं सांगितलं तर ही मुलगी उठून जाईल आणि या वेळी तिचं बरोबर असेल, हेही मला दिसत होतं.

"दिलं होतं," मी म्हणालो. "पान उघडून माझ्या पेपरवर ठेवलं. एवढंच वाचा म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये."

"कुठे होता चष्मा?"

"डोळ्यांवर."

तिने वही मिटली नाही. बोटही काढलं नाही. अंगणाकडे बघत तिने विचारलं, "तिच्या लक्षात आलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "तिने चष्म्याकडे बघितलं. मग पुस्तक उचललं आणि आत गेली. पुन्हा कधी दिलं नाही."