हिरवी टिकली

सुमनबाईला अक्षर येत नव्हतं, पण अख्ख्या राणीसावरगावात तिच्याइतकं कॅलेंडर कुणी वापरलं नसेल. ज्या दिवशी काम, त्या चौकटीवर ती कपाळाची टिकली चिकटवायची. लाल म्हणजे गिरणी, काळी म्हणजे सासूचा दवाखाना. काम झालं की टिकली काढायची. नाही झालं तर पुढच्या चौकटीत सरकवायची. तिचा नवरा चंद्रभान हसायचा, "कॅलेंडरलाच सवाशीण करून ठेवलीस की!"

हिरवी टिकली मात्र एकच होती, जिंतूरला मायकडे जायची. माय, म्हणजे सरजाबाई, तिची नजर उतरणीला लागली होती. तिचं एकच मागणं होतं, "दिसतंय तवर एकदा तोंड दाखवून जाय." सुमनबाईचाही जीव तुटायचा. पण संसाराची कामं म्हणजे मारुतीचं शेपूट. कापूस वेचणीला आला, टिकली सरकली. म्हैस व्याली, सरकली. नामांतराच्या बंदात एसटी थांबली, पुन्हा सरकली. भिंतीवरचं कॅलेंडर बदललं, टिकली तीच राहिली. त्या घरात म्हशीचीसुद्धा वेळ सांभाळली जायची, हिच्या माहेरालाच तेवढी सवड नव्हती.

शेवटी जिंतूरचा कासार बांगड्या भरायला आला आणि निरोप देऊन गेला, "म्हातारीला आता उजेडबी दिसंना." मग सुमनबाईने कुणाला विचारलं नाही. हिरवी टिकली काढली, कपाळावर दाबली आणि एसटीत बसली.

दारात पाऊल वाजताच म्हातारीने ओळखलं.

"सुमन?"

दोन्ही हातांनी तिने लेकीचं तोंड चाचपलं. गाल, नाक, आणि कपाळावर बोटं थबकली. कपाळ मोकळं होतं.

"कवा झालं गं हे? जावई गेले, आन मला कुनी सांगितलंबी न्हाई!" म्हातारीने हंबरडाच फोडला.

सरकवून सरकवून टिकलीचा डिंक संपला होता. ती वाटेतच कुठेतरी गळून पडली होती. सुमनबाईने बांगड्या भरलेला हात मायच्या मुठीत दिला.

"अगं माय, ते धडधाकट हायेत. नुस्ती टिकली पडली."

बांगड्या चाचपल्यावर म्हातारी निवली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, हेबी सांगायचं राहून गेलं आसंल."



म्हातारीने देवाजवळची कुंकवाची डबी चाचपत काढली, बोट बुडवलं आणि लेकीला कुंकू लावलं. ते भुवईवर लागून खाली ओघळलं.

"नीट लागलं का गं?"

"नीट लागलं, माय," सुमनबाई म्हणाली.