बाबांचा डावा हात आणि साडूंची सरळ रेषा

माझ्या साडूंइतका स्वतःच्या कानांवर अविश्वास असलेला माणूस वर्धा जिल्ह्यातच काय, उभ्या विदर्भात शोधून सापडणार नाही. चहा झाल्याची हाक आली तरी ते आधी स्वयंपाकघरात डोकावून खात्री करून घेतात. बत्तीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर तपासले. घरमालक म्हणायचा मीटर पळतो, साहेब म्हणायचे मीटर झोपतो, आणि खरं काय ते फक्त साडूंच्या हातातल्या यंत्राला ठाऊक असायचं. या नोकरीनं त्यांचा माणसांवरचा विश्वास उडवला आणि काट्यावरचा पक्का केला. निवृत्तीनंतर मीटर संपले, तेव्हा त्यांनी आवाज मोजायला घेतला. एक लॅपटॉप, बोटाएवढा माईक आणि त्याचा उंच स्टँड घेऊन ते हिंगणघाटहून आमच्या देवळीला एसटीनं येतात. स्टँड बघून कंडक्टर हमखास विचारतो, "रस्ता मोजून राह्यले का काका?" साडू गंभीरपणे म्हणतात, "नाई, खोली."

कुठल्याही खोलीत शिरले की ते चपला काढतात, मधोमध उभे राहतात आणि एकदाच खणखणीत टाळी वाजवतात. खोली घुमते की नाही याचा तो पहिला अंदाज. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला समुद्रपूरला गेलो होतो, तेव्हा मी त्यांना वाटेत तीनदा बजावलं होतं. पण मुलीनं पोह्यांच्या बशा ठेवल्या, वडीलधारी मंडळी घसा खाकरून बसली आणि साडूंनी टाळी वाजवली. मुलीच्या मामांना वाटलं, पाहुण्यांची पसंती आली. त्यांनीही वाजवली. मग सगळ्या बैठकीनंच वाजवली, आतून पेढे आले आणि पुतण्याला हो-नाही म्हणायची संधीच मिळाली नाही. आज दोघांचं उत्तम चाललं आहे. साडू अजून सांगतात, "त्या घरची टाळी बसकी नव्हती. म्या तवाच ओळखलं, माणसं चांगली हायत."

आता माझ्याविषयी. संगीतातलं मला शष्प कळत नाही, आणि हे शाळेतल्या सहकाऱ्यांना कळू नये एवढ्याचसाठी मी आयुष्यभर मान डोलवत आलो आहे. एका सहकाऱ्यानं मोठे स्पीकर घेतले म्हणून मी नागपूरहून त्याहून मोठे आणले, आणि वर एक सबवूफर, म्हणजे कानापेक्षा पोटाला जास्त कळेल असा खालचा घुमारा काढणारा काळा डबा. बायको म्हणाली, "कानात तेल टाकतो म्हटलं त नाई म्हणता, अन् ऐकासाठी एवढं लाकूड आणलं?" मी म्हणालो, "बाबांसाठी आणलं." ते अर्धं खरं होतं. पण त्या अर्ध्यातच सगळं आलं.

बाबा तरुणपणी गायन पार्टीत ढोलक वाजवायचे. त्या पार्टीच्या एका कार्यक्रमाची कॅसेट आमच्याकडे होती, जगातली एकुलती एक. पण घरातल्या कुठल्याही टेपवर, नंतर कुठल्याही मोबाईलवर, तिच्यात ढोलकाची नुसती टिकटिक ऐकू यायची. डाव्या हाताची जाड थाप गायबच. बाबा खंत करायचे, "माह्या डावा हात कोण्याच डब्यानं वाजवला नाई." स्पीकर आणायच्या दोन वर्षं आधी लकव्याचा झटका आला आणि बाबांचा तो डावा हात खरोखरच गेला. मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. तो हात त्यांना एकदा ऐकवायचा, एवढंच मला हवं होतं.

कॅसेट लॅपटॉपात उतरवून आम्ही ती नव्या स्पीकरांवर लावली. डावा हात तरीही नाही. साडूंनी माईक बाबांच्या खाटेशी उभा केला आणि लॅपटॉपमधून एक आवाज सोडला, जो भुईतून निघाल्यासारखा घुमत वर वर चढतो आणि शेवटी शिट्टी होतो. शेजारच्या काकू पीठ सांडत धावत आल्या, त्यांना वाटलं चक्की बिघडली. पडद्यावर एक वाकडीतिकडी रेघ उमटली आणि तिच्यात एक खोल खड्डा. साडूंनी त्यावर बोट ठेवलं. "मास्तर, तुमच्या बाबाचा हात या खड्ड्यात पडला हाय." कारण त्यांनी शेतातलंच सांगितलं. मोठे स्पीकर आणि सबवूफर ही एका जुवाखालची बैलजोडी. खालचा आवाज दोघं मिळून ओढतात, पण डबा कोपऱ्यात असल्यानं त्याचा आवाज जरा मागून पोचतो. एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं खेचतो, आणि दोघं मिळून त्या आवाजाचा जीव घेतात. "पुढच्याले जरासा थांबवा लागते. सेकंदाच्या हजाराव्या भागानं," ते म्हणाले. मी मान डोलावली.

मग डब्याची जागा शोधणं आलं. त्याची रीत उलटी असते. डबा ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर आणि ऐकणारा जमिनीवर रांगत. जिथं आवाज भरदार लागेल तिथं डबा ठेवायचा. साडूंचे गुडघे दुखतात, म्हणून रांगायला मी. भिंतीशी कान लावून मी चौथ्या फेरीला होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याचे वडील दाखल्यावर सही घ्यायला आले. खुर्चीवर विराजमान डबा आणि त्याच्यापुढे चार पायांवर मी. मी सांगितलं, बटण शोधतोय. ते भले गृहस्थ स्वतःही खाली बसून शोधू लागले.

तरी खरी फजिती पुढंच होती. साडूंनी लॅपटॉपवर आकडे बदलून विचारलं, "आता?" मी डोळे मिटून म्हणालो, "वा! काय खोली आली हो!" साडूंनी डब्याची पिन हातात घेऊन मला दाखवली. ती भिंतीत लावलेलीच नव्हती. "म्हणूनशान मी कानाले विचारत नाई," ते म्हणाले, आणि पुन्हा मोजू लागले. चार रविवार असे गेले. मधेच मी म्हणायचो, एखादं गाणं तरी लावू. "गाणं मंग ऐकजा. पयले रेषा सरळ होऊ द्या."

चौथ्या रविवारी रेषा सरळ झाली. खड्डा बुजला. पुढच्या रविवारी बाबांना कॅसेट ऐकवायची ठरली. मी उत्साहानं शेजारपाजारच्यांनाही बोलावलं.

रविवारी साडू आले, चपला काढल्या, टाळी वाजवली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मास्तर, कापूस कुठी हाय?"

हे सांगायचं राहिलं, कारण आमच्याकडे ते कुणी सांगत नाही. वेचणीनंतर कापूस घरातच भरतात आणि भाव येईपर्यंत त्याच्या कडेकडेनं संसार करतात. बैठकीची अर्धी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. चारही रविवारची मोजणी त्या पांढऱ्या डोंगराच्या साक्षीनं झाली होती, आणि शुक्रवारी भाव बरा निघाला म्हणून बाबांनी गाडी बोलावून तो विकून टाकला. वर मी पाहुणे येणार म्हणून खोली झाडून, धुऊन लख्ख केली. आता टाळी भिंतींवर आपटून खणखणत होती. मोजून पाहिलं तर खड्डा परत हजर.

"मले काय मालूम?" बाबा खाटेवरून म्हणाले. "कापूस काय ऐकासाठी भरते का कोणी?"

मंडळी तर बसलेली. साडू ताडकन उठले. "घरोघरच्या गाद्या आना!" अर्ध्या तासात गल्लीतल्या सगळ्या गाद्या, रजया आणि लग्नातली रुखवताची उशी आमच्या बैठकीत कापसाच्या जागी रचली गेली. कापूस तो कापूसच, फक्त खोळीत. साडूंनी टाळी वाजवली, दोन आकडे बदलले आणि पहिल्यांदाच रेषा पूर्ण सरळ व्हायची वाट न पाहता म्हणाले, "लावा."

पेटी आली, गाणाऱ्याचा आवाज आला, आणि त्याच्याखालून, खाटेच्या पायांतून, बाबांचा डावा हात आला. गोल, जाड, ओल्या मातीसारखा. मला संगीतातलं कळत नाही. या वेळी मात्र मान डोलवायचंही मी विसरलो. बाबा ताठ बसले होते. उजवा हात गुडघ्यावर चालू लागला. तिसऱ्या कडव्याला तो अचानक थांबला आणि बाबा ओरडले, "थांबव! मागं घे!"

पुन्हा लावलं. बाबांनी मान हलवली. "इथं चुकलो होतो मी. डावा हात अर्धी मात्रा मागं पडला. चाळीस वर्षं कोणाले समजलं नव्हतं. पाहुणे, पोराचा एवढा खर्च करून चूक काढली माही!" आणि ते हसू लागले, इतके की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला एकच हात असल्यानं एका गालावर तसंच राहिलं.

साडूंनी लॅपटॉपकडे पाहिलं. "मले त रेषेत काई दिसलं नाई," ते हळूच म्हणाले, आणि झाकण मिटलं. उरलेली कॅसेट त्यांनी डोळे मिटून, कानांनी ऐकली. मी त्यांना असं प्रथमच बघत होतो.

बाबा गेले त्याला आता दुसरा हंगाम. बैठकीत पुन्हा छतापर्यंत कापूस आहे. भाव आला तरी मी तो जरा उशिरानंच विकतो, आणि बायकोला कारण माहीत असूनही ती विचारत नाही. साडू हिंगणघाटहून येतात, पण स्टँड आणत नाहीत. टाळी वाजवतात, बाबांच्या खाटेच्या कडेला बसतात आणि म्हणतात, "लावा, मास्तर." आम्ही दोघं ऐकत असतो. तिसरं कडवं जवळ आलं की दोघंही श्वास रोखून धरतो, आणि बाबांचा हात अर्धी मात्रा मागं राहून, चुकत का होईना, येतो.